दीनदयाळांची हौस

‘हौस’ या शब्दाला आपल्याकडे दोन बाजू आहेत. हौसेला मोल नसतं असं आपण कौतुकानं म्हणतो, आणि ‘हौशी’ म्हटलं की त्यातच ‘कच्चा’ हेही हळूच सांगून टाकतो. हौशी नाटक, हौशी गायक, हौशी फोटोग्राफर. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग दुसरा, हा आपला रविवारचा. आपल्या इंदूरशी आणि थोडाफार आपल्या समाजाशीही नातं असलेल्या एका छायाचित्रकाराबद्दल लिहायला बसले, तेव्हा मला हा शब्द पुन्हा तपासून घ्यावासा वाटला. कारण माझं म्हणणं असं आहे, की राजा दीनदयाळ या नावानं जगभर ओळखल्या जाणाऱ्या माणसाचं सगळ्यात चांगलं काम तो राजा व्हायच्या आधीचं आहे. नोकरी सांभाळून हौस करत होता तेव्हाचं, आणि ती हौस नुकतीच नोकरीच्या काठाबाहेर सांडायला लागली होती तेव्हाचं.

त्यांच्यावर जे लिहिलं जातं त्यात हैदराबाद फार असतं. निजाम, हत्ती, मेजवान्या, व्हाइसरॉयची शिकार. इंदूर एका परिच्छेदात उरकतात. आमच्या समाजातल्या गौरवलेखांतही तेच. ‘जैन कुटुंबात जन्मले, निजामाचे छायाचित्रकार झाले, राणी व्हिक्टोरियाचं मानपत्र मिळालं, २००६ साली टपाल तिकीट निघालं.’ सगळं खरं. पण मानपत्रांची यादी म्हणजे कामाचं मोल नव्हे. म्हणून मी इंदुरापासून सुरू करते.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधन्याचा. घराणं जैन, जवाहिऱ्यांचं. मुलगा मात्र रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला आणि १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात लागला. काम होतं नकाशे काढायचं आणि खर्चाचे अंदाज बांधायचं. कॅमेरा हातात आला १८७४च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत. हे वय मला महत्त्वाचं वाटतं. बालपणापासून कलेचं वेड वगैरे काही इथं नाही. आठ वर्षं सरकारी टेबलावर बसून झाल्यावर हा माणूस फोटोकडे वळला.

प्रेरणेचा पहिला झरा मी त्या टेबलावरच शोधते. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. मी बेळगावकडची, लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा अण्णा निवृत्त झालेले होते. पण कुठल्याही घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी छतावर जायची, मग कोपऱ्यात. भिंत ओळंब्यात आहे का, दाराची चौकट काटकोनात बसलीय का. पाहुण्यांनी पुढं केलेला चहा निवून जायचा, अण्णांचं डोळ्यांनी मोजणं चाललेलं. ही नजर काही कुठल्या कलाशाळेत मिळत नाही. रोजच्या कामानं ती डोळ्यात मुरते.

दीनदयाळांची इमारतींची चित्रं बघताना मला अण्णा आठवतात. उंच इमारतीचा फोटो काढताना कॅमेरा वर कलवला, की भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकतात. आपल्या मोबाइलमधल्या देवळांचे कळस असेच मागं पडल्यासारखे दिसतात. दीनदयाळांच्या चित्रात खांब उभे ते उभेच. कॅमेरा समतल ठेवायचा, उंची हवी तर स्वतःच लांब किंवा उंचावर जायचं, भिंग वर सरकवायचं, पण ओळंबा सोडायचा नाही. नकाशा काढणाऱ्या माणसाला वाकडी भिंत सहनच होत नसणार. शिवाय पुष्कळ चित्रांत एखादा माणूस पायरीवर बसवलेला किंवा कमानीखाली उभा केलेला असतो. त्या काळच्या इमारतींच्या फोटोत माप कळावं म्हणून अशी माणसं ठेवायची पद्धतच होती. दीनदयाळांकडे मात्र तो माणूस नुसती पट्टी वाटत नाही. तो तिथं बसू शकतो, इतपत सावली त्याला दिलेली असते. कुठली जागा किती माणसांची आहे याचा अंदाज बांधणं, हेच तर त्यांचं नोकरीतलं काम.

दुसरा झरा म्हणजे ते काम किती कठीण होतं हा. आज ‘फोटो काढला’ म्हणणं म्हणजे अंगठा हलवणं. १८७४ साली फोटो म्हणजे ओल्या प्लेटची पद्धत. काच स्वच्छ घासायची, तिच्यावर कलोडियनचा चिकट थर सारखा ओतायचा, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं आणि थर वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. माळव्याच्या वैशाखात तर ती मिनिटंही पुरती मिळत नसतील. बरोबर काचा, बाटल्या, पाण्याची घागर, तिपाई, तंबू, आणि हे सगळं वाहायला माणसं. मोठं चित्र हवं तर काचही तेवढीच मोठी, कारण त्या काळी निगेटिव्हएवढाच छाप निघायचा. पुढं १८८०च्या आसपास तयार कोरड्या प्लेटा मिळू लागल्या आणि कष्ट थोडे उतरले.

एवढ्या खटाटोपात माणूस दिवसाला किती चित्रं घेईल? थोडीच. म्हणून आधी बघायचं, मग पुन्हा बघायचं, सूर्य कुठून कुठं जातो ते ध्यानात घ्यायचं, आणि मग काच ओली करायची. मला वाटतं हौस पक्की होते ती अशा अडचणीत. सोपी असती तर चार दिवसांत विटली असती. आमच्याकडे चातुर्मासात एखादी वस्तू सोडायचा नियम घेतात, तेव्हा घरातल्या मोठ्या बायका सांगतात, की नियमानं जिभेला चव कळते. प्लेटांच्या मोजकेपणानं डोळ्याला तसंच काहीतरी होत असावं.

तिसरा झरा आश्रयाचा, आणि इथूनच माझ्या कौतुकात थोडी काळजी मिसळते. फोटोग्राफीची हौस त्या काळी कोणाला परवडायची? मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे शिकलेले, प्रतिष्ठित लोक होते. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह स्वतः कॅमेरा चालवायचे, राजवाड्यातल्या बायकांचेसुद्धा फोटो त्यांनी काढले. डॉक्टर आणि महाराज. त्यांच्या हौसेला कोणाला विचारायची गरज नव्हती. दीनदयाळ पगारदार. त्यांच्या हौसेला कोणाचा तरी हात पाठीवर लागणारच.

तो मिळाला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी प्रोत्साहन दिलं. मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली, ज्यांचं नाव आपल्या डेली कॉलेजला आहे, त्यांनीही दिलं. इंदुरात स्टुडिओ झाला. डेलींनंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी तर त्यांना दौऱ्यावर बरोबर नेलं. त्या भटकंतीतून ग्वाल्हेर, खजुराहो, सांची इथली चित्रं आली आणि १८८६ साली ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक निघालं. पुस्तक ग्रिफिनसाहेबांच्या नावावर ओळखलं जातं. आज ते कोणी उघडत असेल तर चित्रांसाठी, हा काळानं केलेला न्याय.

पण आश्रय आला की हुकूमही येतो. साहेब म्हणेल ते देऊळ, साहेब म्हणेल तेव्हा. तरी या पहिल्या काळात साहेबाला हवं होतं आणि दीनदयाळांना आवडत होतं ते एकच होतं, जुन्या इमारती. दोघांची वाट काही काळ जोडीनं गेली. कुठल्याही हौशी माणसाच्या आयुष्यात एवढा काळ मिळाला तरी तो भाग्याचा समजावा.

या काळातलं माझ्या मनात बसलेलं काम म्हणजे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या जिनमूर्तींची चित्रं. उरवाही खोऱ्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या अमलात, या मूर्ती कोरल्या गेल्या. सगळ्यात मोठी आदिनाथांची, सुमारे ५७ फूट उंच. पुढं बाबरानं या मूर्ती मोडायचा हुकूम दिला, तसं त्यानं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. कडा फोडणं काही जमलं नाही, चेहरे फोडले गेले. नंतर श्रावकांनी काही मूर्तींना चुन्याचे चेहरे बसवले.

आता अशा मूर्तीचा फोटो काढायचा म्हटलं तर दोन मोह असतात. एक, सगळं लक्ष मोडतोडीवर द्यायचं, बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आणायचं. दुसरा, खालून कॅमेरा लावून मूर्ती आणखी अजस्र करायची. दीनदयाळांचा कॅमेरा यातलं काहीच करत नाही. मूर्ती कड्यासकट येते, दगडाच्या भेगा, पाण्याचे ओघळ, सगळ्यासकट. मूर्ती सरळ, कडा सरळ, बघणारा सरळ. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या मूर्तीसमोर कॅमेराही तसाच, हात सोडून उभा राहिल्यासारखा. त्या वेळी दीनदयाळांच्या मनात भक्ती होती का, ते मी सांगणार नाही. चित्रावरून मन वाचायचा उद्योग मला पटत नाही. पण चित्रात आदर आहे, आणि तो मूर्तीइतकाच दगडाबद्दल आहे, एवढं चित्र दाखवतं. शिलाटे आणि गवंडी यांचे अंदाज बांधत आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाला दगडाची किंमत ठाऊक असते.

इथवरची हौस मी हौसच मानते, जरी तोवर मानधन, कीर्ती, स्टुडिओ सगळं आलेलं असलं तरी. पुढं नोकरी सुटली. १८८५ साली ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. १८८६ साली सिकंदराबादेत स्टुडिओ निघाला, १८९६ साली मुंबईत. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ असा किताब मिळाला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात चित्रं गेली. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाचं वॉरंट आलं. हातकामाचा कारखाना झाला. मुलं आणि मदतनीस कामाला लागले. खाली सही एकच असली तरी कुठली चित्रं स्वतः राजासाहेबांची आणि कुठली स्टुडिओची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

या काळातल्या चित्रांचं तंत्र पहिल्यापेक्षा सफाईदार आहे. तरीही माझं मन तिथं रमत नाही, आणि त्याचं कारण नुसतं आवडीनिवडीचं नाही. दोन उदाहरणं देते.

एक, शिकारीची चित्रं. १९०२ साली लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आले होते, त्या वेळचा कर्झन आणि लेडी कर्झन यांचा मारलेल्या वाघासह काढलेला फोटो फार प्रसिद्ध आहे. जैन घरात जन्मलेल्या माणसाच्या स्टुडिओतून हे चित्र निघालं, हे आमच्या गौरवलेखांत कोणी लिहीत नाही. लिहावं, असं मला वाटतं. त्यांना दोषी ठरवण्यासाठी नव्हे. बंदूक त्यांच्या हातात नव्हती, आणि दरबारी माणसाला नाही म्हणायची सोय किती असते हे आपल्याला कळतं. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, असे हिंसेचे तीन दरवाजे लहानपणीच शिकवतात. फोटो यातल्या तिसऱ्या दरवाजाशी उभा असतो. शिकार संध्याकाळी संपते, फोटो तिला भिंतीवर शंभर वर्षं टिकवतो. आणि चित्र म्हणूनही त्यात काय आहे? सगळे भिंगाकडे तोंड करून. माणसं आणि वाघ एकाच हेतूनं मांडलेले. खजुराहोच्या पायरीवरच्या माणसाला सावली देणारी नजर इथं कामाला लागलेलीच नाही. ती लागू नये, अशीच मागणी होती.

दुसरं, दुष्काळाची चित्रं. १८९९-१९००चा दुष्काळ, आमच्या माळव्यात ज्याला अजून ‘छप्पन्या’ म्हणतात. निजामाच्या राज्यातल्या मदतकार्याची छायाचित्रं दीनदयाळांच्या स्टुडिओनं काढली. ही चित्रं सरकारच्या कामाची नोंद म्हणून काढलेली. त्यांतली माणसं रांगेत आहेत, ओळीनं बसलेली आहेत, व्यवस्था दिसते. भुकेलाही ओळंबा लावलेला. इथं मला अडखळायला होतं. जी शिस्त दगडाला शोभली ती हाडांच्या माणसांना लावली, की चित्र बघणारा आधी रांग बघतो, मग माणूस. पण एक कबूल करायला हवं, की ही चित्रं नसती तर त्या माणसांचं तोंड आपल्याला कधीच दिसलं नसतं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्या पिढीचा एकही फोटो नाही. ज्यांना कोणी हौसेनं कधी टिपलं नाही, ते सरकारी नोंदीत तरी राहिले. मी या चित्रांना नाकारत नाही. त्यांच्याकडे बघताना एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून बघावं, रांग मोडून बघावं, एवढंच सुचवते.

आणि बायका? बाई म्हणून लिहिताना हे विचारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांनी तिथं यावं, बाईनंच त्यांचे फोटो काढावेत, अशी व्यवस्था. मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाई तो सांभाळत. धंद्याची हुशारी होतीच, पण तेवढीच नव्हती. परपुरुषापुढं न बसता स्वतःची प्रतिमा बघायला मिळणं, ही त्या बायकांना केवढी गोष्ट वाटली असेल! आरशातलं रूप आपण उठलो की जातं. कागदावरचं दुपारीही बघता येतं, बहिणीला पाठवता येतं. मात्र हे फोटो मुळात घरच्यांसाठी. भिंतीबाहेर जाणं त्यांच्या नशिबी नव्हतंच. म्हणून राजासाहेबांच्या कीर्तीत पुरुषांचे दरबार आणि साहेबांचे तळ भरपूर, आणि त्या स्टुडिओत खुर्चीवर बसून पदर सारखा करणाऱ्या बायका जवळपास नाहीत. टीकाकारांनी याला दीनदयाळांचा दोष म्हणू नये, पण त्यांच्या जगाचं चित्र पूर्ण आहे असंही म्हणू नये.

दीनदयाळ १९०५ साली गेले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ प्लेटा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या, म्हणून आज आपण एवढं तरी बोलू शकतो. हल्ली अभ्यासही चांगला होतोय. दीपाली देवान आणि डेबोरा हटन या दोघींचं २०१३ सालचं पुस्तक त्यांच्याकडे दरबाराचा नोकर म्हणून न बघता कलावंत म्हणून बघतं. माझा मतभेद एवढाच, की कलावंत शोधायला मी हैदराबादच्या आधी इंदूरला उतरेन.

हे सगळं मी कोणासाठी लिहिते आहे? आमच्या महिला मंडळातल्या, भिशीतल्या, सकाळी फिरायला येणाऱ्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांच्या हातात आता चांगले कॅमेरे आहेत. हौस वाढते आहे, हे मी बघते. सुट्टीत मांडूला जातात, पावसात पातालपाणीला जातात, शेकडो फोटो घेऊन येतात. मग विचारतात, ‘ताई, आमच्या फोटोत काहीतरी कमी पडतं, कोणाचे फोटो बघावेत?’ बघावेत, पुष्कळांचे बघावेत. पण दीनदयाळांच्या पहिल्या दहा-बारा वर्षांवरून मला दिसतं ते असं, की हौसेचा मोठा झरा आपल्या रोजच्या कामातच असतो. त्यांना ओळंबा ठाऊक होता, म्हणून त्यांनी देवळं टिपली. शिवणकाम करणारीला कापडाची पडण ठाऊक असते. पापड लाटणारीला उन्हाची जात ठाऊक असते, कुठलं ऊन कोवळं, कुठलं करपवणारं. शाळेत शिकवणारीला मागच्या बाकावरच्या मुलाचा चेहरा ठाऊक असतो. हे ज्ञान कुठल्याही भिंगाबरोबर डब्यातून येत नाही.

आणि हौसेला बाहेरून मागणी येऊ लागली, लग्नाचे फोटो काढून द्या, दुकानाच्या उद्घाटनाला या, मंत्र्यांबरोबर आमचा काढा, तर जरूर जावं. पैसा वाईट नाही, जैनांना हे कोणी सांगायला नको. फक्त अधूनमधून एक फोटो असा काढावा, जो कोणी मागितलेला नाही. किताब मिळाल्यावर राजासाहेबांना तेवढी सवड कितपत उरली होती, ते त्यांच्या सिकंदराबादच्या प्लेटांमध्ये मी अजून शोधतेच आहे. काही थोड्या सापडतात. रिकाम्या आवाराच्या, झाडाखालच्या एखाद्या भिंतीच्या. त्यांत माणूस नाही, वाघ नाही, हुकूम नाही. त्या बघितल्या की वाटतं, बांधकाम खात्यातला तो नकाशेवाला अजून कुठं गेलेला नाही.